पहिल्या घरासाठी लाडकी जुनी गाडी विकायची आहे? मग हा क्रम धरा

गाडी विकायची ठरली की बहुतेक जण आधी गाडीकडे बघतात. किती येतील, जाहिरात कुठे टाकू, पॉलिश मारून घेऊ का. पहिलं घर घेण्यासाठी विकत असाल तर सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. रक्कम किती हवी, कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि ती कुठून आली हे बँकेला कसं दाखवायचं, हे तिन्ही प्रश्न घराच्या बाजूने येतात. गाडीचा व्यवहार घराच्या व्यवहाराच्या पोटातला आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे घोळ होतच नाहीत.

माझी १९६७ची फोक्सवॅगन बीटल होती. ती विकून घराच्या सुरुवातीच्या रकमेतली तूट भरून काढली. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेवढे आपापल्या ठिकाणी तपासा. क्रम आणि सापळे मात्र सगळीकडे जवळपास तेच.

१. आधी घराचं गणित मांडा

एक कागद घ्या. वर लिहा घराची किंमत, खाली बँक देईल ते कर्ज. मधला फरक म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा. नवखे इथेच थांबतात, आणि "गाडी विकली की एवढे आले, झालं" असं म्हणतात. पण त्या फरकाच्या वर नोंदणीचा खर्च आणि कर, वकील, मूल्यांकन, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, घराचा विमा, सामान हलवणं हे सगळं येतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी बँक कर्ज देत नाही. ते पैसे तुमच्याच खिशातून जातात. शिवाय काही महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवायचे. तेही याच कागदावर लिहा.

आता गाडीची बाजू. इथे विक्रीची किंमत लिहायची नाही, हातात येणारी रक्कम लिहायची. म्हणजे विक्रीच्या किमतीतून कमिशन, जाहिरात, विकण्याआधीची आवश्यक दुरुस्ती, वाहतूक, लागत असेल तर कर आणि गाडीवर कर्ज असेल तर तेही वजा करून उरते ती. त्यातूनही मी दहा टक्के आणखी कापले होते. गाडी अंदाजापेक्षा कमी किमतीला जाते, घर अंदाजापेक्षा महाग पडतं; उलटं झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

दोन्ही बाजू मांडल्यावर तूट भरूनही निघत नसेल, तर गाडी विकू नका. निदान आत्ता नको. गाडीही गेली आणि घरही नाही, ही अवस्था सगळ्यांत वाईट. आणि आणखी एक गोष्ट याच कागदावर तपासा: नव्या घराला छपराखालची, कोरडी पार्किंगची जागा आहे का? नसेल तर गाडी ठेवण्याचा पर्यायही तितकासा खरा नाही. उघड्यावर दोन पावसाळे काढले तर जुना पत्रा काय होतो, हे जुनी गाडी असणाऱ्याला सांगायला नको.

२. बँकेशी बोलणं गाडीच्या जाहिरातीआधी

बँकेत जाऊन सरळ विचारा: "माझ्या वाट्यातली काही रक्कम गाडी विकून येणार आहे. तुम्हाला त्याचा कोणता पुरावा लागेल?" हा प्रश्न आधी विचारलेला बरा. खात्यात एकदम मोठी रक्कम जमा झाली की कर्ज देणारे तिचा उगम विचारतातच. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यांमुळे त्यांना ते विचारावंच लागतं. काही देशांत घराच्या व्यवहारातला वकीलही हेच विचारतो. उत्तर म्हणून फक्त "गाडी विकली" एवढं चालत नाही.

दुसरा प्रश्न तारखांचा. कर्जाच्या तत्त्वतः मंजुरीला मुदत असते. गाडी आधी विकून बसलात आणि घर मिळेना, तर पैसे नुसते पडून राहतात आणि खर्च होत जातात. घर आधी पक्कं केलंत आणि गाडी विकली जाईना, तर इसार अडकतो. म्हणून मी सुचवेन तो क्रम असा: तत्त्वतः मंजुरी, मग गाडी बाजारात, गाडीचे पैसे खात्यात, आणि त्यानंतरच घराच्या बंधनकारक करारावर सही. घर बघत फिरा, भाव काढा, बोलणी करा. सही मात्र पैसे खात्यात दिसल्यावर. मालक घाई करत असेल तर करारात मुदत वाढवून मागा. मिळाली नाही तर ते घर सोडायची तयारी ठेवा.

३. गाडी कागदावर तुमचीच आहे ना?

हसू नका. जुन्या गाड्यांत हा प्रश्न नेहमीचा. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा नाहीत, वडिलांनी चालवली, तुम्ही सांभाळली आणि नोंदणी मात्र कधी बदललीच नाही. अशी गाडी गिऱ्हाईक बघेल, आवडेल, आणि कागद मागितल्यावर निघून जाईल. वारसाहक्काने नाव चढवायला कुठेही वेळ लागतो. भावंडांच्या संमतीची पत्रंही लागू शकतात. हे काम जाहिरातीच्या आधीचं.

मग गाडीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष वाचा. कागदावरून नाही, गाडीवरून. बीटलमध्ये चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर मागे, डायनॅमोच्या स्टँडखाली क्रँककेसवर. तुमच्या गाडीत कुठे आहे ते कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत सापडेल. वायरब्रश वापरू नका, आकडे पुसट होतात. कापडाला थोडं रॉकेल लावून पुसा, फोटो काढा आणि नोंदणीशी एकेक आकडा ताडून बघा. कारकुनाने कधीकाळी १ चा ७ केलेला असू शकतो आणि तो दुरुस्त करायलाही वेळ लागतो.

सालाचाही घोळ असतो. बऱ्याच कंपन्यांचं मॉडेल वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. बीटलचं नवं मॉडेल ऑगस्टपासून निघायचं, त्यामुळे १९६६च्या शेवटी नोंदवलेली गाडी १९६७चं मॉडेल असू शकते. तिच्या चेसिस नंबरची सुरुवात ११७ ने होते आणि त्यातला ७ म्हणजे ते वर्ष. जाहिरातीत दोन्ही लिहा: नोंदणीचं साल आणि मॉडेलचं साल. नाहीतर जाणकार गिऱ्हाइकाला वाटतं की तुम्ही काहीतरी लपवताय.

सतरा अंकी चेसिस नंबर १९८० नंतरच्या गाड्यांना आले. त्याआधीच्या गाडीचा नंबर आखूड असेल तर घाबरू नका, पण एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तो बसत नाही म्हणून पुढे शून्यं लावून भरू नका.

४. फाइल तयार करा

जुन्या गाडीत फाइलला किंमत असते. दोन सारख्या गाड्या शेजारी उभ्या असतील तर कागद असलेली आधी जाते आणि जास्त किमतीला जाते. जमवायच्या गोष्टी:

- नोंदणीची कागदपत्रं, आधीच्या मालकांची साखळी असेल तर तीही
- चालू विमा आणि तुमच्याकडे लागू असेल ती तपासणी किंवा प्रदूषण प्रमाणपत्रं
- गाडीवर कर्ज होतं पण फिटलं, याचं पत्र आणि नोंदणीवरून बोजा काढल्याचा पुरावा
- दुरुस्तीची आणि सुट्या भागांची बिलं, तारखेप्रमाणे लावलेली
- मूळ मालक-पुस्तिका, सर्व्हिसचं शिक्के मारलेलं पुस्तक, मूळ हत्यारांची पिशवी, जॅक, सगळ्या चाव्या
- जीर्णोद्धार झाला असेल तर कामाआधीचे आणि काम चालू असतानाचे फोटो
- कंपनी देत असेल तर जन्मदाखला

जन्मदाखला म्हणजे गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणतं इंजिन आणि कोणती साधनं घेऊन निघाली, त्याचा कंपनीच्या नोंदींवरून दिलेला दाखला. ब्रिटिश मोटर म्युझियम अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी असे दाखले देतं. बीटलसाठी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला कंपनीच्या संग्रहालयातून मिळतो. तो यायला आठवडे लागू शकतात, त्यामुळे आजच अर्ज करा.

जीर्णोद्धाराचे अर्धवट अवस्थेतले फोटो सगळ्यांत मोलाचे. रंग लागल्यावर आत नवा पत्रा आहे की पुटी, हे डोळ्यांना कळत नाही. फोटोला कळतं.

५. किंमत: मागितलेली वेगळी, मिळालेली वेगळी

जाहिरातींमधले आकडे म्हणजे विकणाऱ्यांची इच्छा. तुम्हाला हवे आहेत प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे आकडे. मोठ्या लिलावांचे निकाल जाहीर असतात, ऑनलाइन लिलावांचे जुने निकालही दिसतात, आणि तुमच्या मॉडेलच्या क्लबातल्या दोघा-तिघांना कोणती गाडी कितीला गेली हे हमखास माहीत असतं. लिलावाचा आकडा वाचताना एक काळजी घ्या. अनेकदा त्यात खरेदीदाराने लिलावघराला दिलेलं कमिशन धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतात.

मग स्वतःच्या गाडीची प्रत ठरवा. अमेरिकेतल्या हॅगर्टी या विमा कंपनीची १ ते ४ अशी प्रतवारी बरीच वापरात आहे: १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेईल अशी, २ उत्कृष्ट, ३ चांगली, चालवायजोगी, बारीकसारीक दोष असलेली, ४ म्हणजे चालते पण डोळ्यांना दोष दिसतात. आपली गाडी प्रत्येकाला २ वाटते. बहुतेक ३ असतात. खात्री नसेल तर स्वतंत्र मूल्यांकन करणाऱ्याला पैसे देऊन लेखी अहवाल घ्या. तो पुढे बँकेच्या फाइलीतही कामाला येतो.

"दुर्मिळ आहे" या शब्दावर फार विसंबू नका. दुर्मिळ असूनही कोणालाच नको अशा गाड्या भरपूर आहेत. उलट बीटल घ्या: २००३मध्ये मेक्सिकोत शेवटची बाहेर पडेपर्यंत २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या. दुर्मिळ तर अजिबात नाही, पण भाग मिळतात, मेकॅनिकला कळतं, म्हणून लवकर विकली जाते. त्यातही मागची काच दुभंगलेली, म्हणजे १९५३च्या सुरुवातीपर्यंतची, किंवा तिच्यानंतरची १९५७पर्यंतची अंडाकृती काचेची असेल तर हिशेबच वेगळा. आपली गाडी नक्की कोणत्या गटातली हे आधी समजून घ्या.

वयाचे टप्पेही किंमत हलवतात. जुन्या वाहनांच्या फीवा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचं असावं लागतं. जर्मनीत ऐतिहासिक नंबरप्लेटसाठीही ३० वर्षं. ब्रिटनमध्ये रस्ताकराची सवलत ४० वर्षांनंतर. भारतात २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होण्यासाठी ५०. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी तिथल्या सुरक्षा मानकांत बसत नसली तरी आयात करता येते, म्हणून एखादं मॉडेल २५ वर्षांचं होतं तेव्हा त्याला एकदम तिकडची मागणी येते. तुमची गाडी असा टप्पा दोन-चार महिन्यांत ओलांडणार असेल तर विचार करायला हरकत नाही. दोन-चार वर्षांनी ओलांडणार असेल तर सोडून द्या. घर थांबणार नाही.

आणि हो, आठवणींचे पैसे मिळत नाहीत. लग्नात हीच गाडी सजवली होती, हे गिऱ्हाईक कौतुकाने ऐकेल आणि मग टायरच्या नावाने रक्कम कमी करेल.

६. कुठे विकायची

क्लबात किंवा ओळखीत: कमिशन नाही, गिऱ्हाईक जाणकार, गाडी चांगल्या हातात जाण्याची शक्यता जास्त. पण तारखेची हमी नाही.

दलाल किंवा शोरूमला विक्रीसाठी ठेवणं: तुमचा वेळ वाचतो, कमिशन जातं. करारात चार गोष्टी हव्यात: किमान किंमत, मुदत, गाडीचा विमा त्या काळात कोणाचा, आणि विक्रीनंतर पैसे किती दिवसांत. चौथी नसेल तर गाडी देऊ नका. दुकान बुडालं तर गाडीही अडकते आणि पैसेही.

लिलाव: तारीख पक्की, किंमत अनिश्चित. घराला तारीख हवी असते म्हणून हा मार्ग मोहात पाडतो. राखीव किंमत ठेवता येते. ती ठेवाच, आणि ती पहिल्या कागदावरच्या गणितातून काढा. राखीव किमतीखाली बोली थांबली तर गाडी परत येते, मात्र काही ठिकाणी त्याचंही शुल्क असतं. अटी वाचा.

जुन्या गाड्या विकत घेणारा व्यापारी: सगळ्यांत कमी किंमत, सगळ्यांत लवकर पैसे. यात कमीपणा काही नाही. घराची तारीख डोक्यावर असेल तर हाही पर्याय खुला ठेवा. एका व्यापाऱ्याकडून आधीच लेखी भाव घेऊन ठेवला की बाकीच्या ठिकाणी घासाघीस करताना पायाखाली जमीन राहते.

७. काय दुरुस्त करायचं, काय हात नाही लावायचा

ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, तेलाची गळती, बॅटरी. गाडी सुरक्षित चालली पाहिजे आणि एका हाकेत सुरू झाली पाहिजे. एवढंच करा.

रंग नव्याने मारू नका. मूळ रंग, ओरखड्यांसकट असला तरी, जाणकाराला हवा असतो. आणि नुकताच मारलेला रंग बघून पहिला विचार येतो तो खाली काय झाकलंय हा. गाडीच्या पोटाला काळंकुट्ट ताजं अंडरकोटिंग मारून विकायला उभी करणं तर स्वतःवर संशय ओढवून घेणं आहे. सीट फाटली असेल तर फाटकी दाखवा. मूळ कापड ठेवायचं की बदलायचं, ते घेणारा ठरवेल.

सुटे भाग जमवून ठेवले असतील तर निवडा. त्या गाडीचे मूळ भाग, म्हणजे काढून ठेवलेला रेडिओ, मूळ चाकं, मूळ कार्ब्युरेटर, गाडीबरोबर द्या आणि जाहिरातीत लिहा. त्यांनी किंमत वाढते. कुठेही मिळणारे भाग वेगळे विका. नंबरप्लेट स्वतःकडे ठेवायची सोय तुमच्या देशात असेल आणि ठेवायची असेल, तर हेही आत्ताच ठरवा.

८. जाहिरात

फोटो ढगाळ उजेडात किंवा सकाळी लवकर काढा, गाडी कोरडी असताना. ओली गाडी चमकते, म्हणूनच ओल्या गाडीच्या फोटोवर जाणकार विश्वास ठेवत नाहीत. चारही बाजू, चारही कोपरे, आतली बाजू, मीटर, इंजिन, डिकी, दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, गाडीचं पोट. आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक फोटो. दोष आधी दाखवले की फुकटचे बघे गळतात आणि येणाऱ्या माणसाकडे भाव पाडायला कमी मुद्दे उरतात. चेसिस नंबरचा पूर्ण फोटो मात्र सगळ्यांसाठी टाकू नका; शेवटचे आकडे झाका, खऱ्या गिऱ्हाइकाला नंतर द्या.

"मॅचिंग नंबर्स" हे शब्द कारखान्यातून आलेलं तेच इंजिन अजून गाडीत असेल आणि ते कागदाने दाखवता येत असेल तरच लिहा. बीटलमध्ये इंजिन बदललेलं असणं अगदी सर्रास. कंपनी स्वतःच बदली इंजिनं देत असे. बदललं असेल तर तसं लिहा, त्याने विक्री अडत नाही. खोटं लिहिलं तर गाडी विकल्यानंतरही प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तोवर ते पैसे तुमच्या भिंतींत गेलेले असतात.

जाहिरातीत "घर घेतोय म्हणून विकतोय" असं लिहायचं का? माझं मत, नाही. घाई आहे हे कळलं की बोली खाली येते. कोणी विचारलं तर खोटं बोलू नका, पण तारीख सांगू नका.

९. गाडी दाखवणं आणि टेस्ट ड्राइव्ह

इंजिन थंड ठेवा. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी गरम करून ठेवणं हा जुना डाव झाला. जाणता माणूस आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो. बीटल असेल तर मागे, कारण तिचं इंजिन मागे असतं.

जाणकार कसा बघतो हे माहीत असलं तर आपणही तयार राहतो. माझ्याकडे आलेले एक वयस्कर गृहस्थ स्वतःची बॅटरी आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनं पोतं घेऊन आले होते. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी मागची सीट उचलली. बीटलची बॅटरी उजवीकडे सीटखाली असते आणि तिच्यातलं ॲसिड सांडून खालचा पत्रा सडतो. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकला. मग दारांखालच्या पोकळ पट्ट्या, जिथून इंजिनची गरम हवा पुढे येते, त्या बोटांनी चाचपल्या. त्या सडल्या की दुरुस्तीला बॉडी चेसिसवरून उचलायची वेळ येऊ शकते. शेवटी मागे जाऊन, इंजिन बंद असताना, क्रँकच्या पुलीला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे खेचलं. पुली ठक्क करून हलली तर क्रँकशाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, म्हणजे इंजिन खोलायला आलं. माझी हलली नाही. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनी किमतीचा विषय काढला.

प्रत्येक गाडीच्या अशा चार-पाच ठरलेल्या जागा असतात. त्या आपणच आधी तपासा. काहींच्या हातात चुंबक किंवा रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल, मोजू द्या. टायरवरचा चार अंकी आकडाही बघतील: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी टायर फार जुने असतील तर ते किंमत पाडायला वापरतील, तेव्हा आकडा आधीच बघून ठेवा. स्वतःचा मेकॅनिक आणायचा असेल तर आणू दे, पण गाडी तुमच्या नजरेआड खोलू देऊ नका.

टेस्ट ड्राइव्हआधी परवान्याचा फोटो घ्या आणि तुमच्या विम्यात दुसरा चालक बसतो का ते पाहून ठेवा. जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत बहुधा ठरावीक चालकच असतात. सुरुवातीला तुम्ही चालवा. जागा बदलताना इंजिन बंद करा आणि चावी हातात घेऊनच उतरा. गाड्या पळवल्या जातात त्या याच क्षणी.

१०. पैसे

इथे घाई नको. नेहमीचे सापळे:

- ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "वरचे पैसे वाहतूकदाराला द्या" म्हणणारा. चेक खात्यात दिसतो, काही दिवसांनी परत जातो, तुम्ही दिलेले पैसे गेलेले असतात.
- गाडी न बघता, घासाघीस न करता घेणारा आणि स्वतःच एखादी मध्यस्थ खात्याची (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवणारी) वेबसाइट सुचवणारा. मध्यस्थ खातं वापरायचं तर ते तुम्ही निवडलेलं असावं.
- पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.
- थोडी रोख, थोडी बँकेतून, कागदावर कमी किंमत. कर वाचवायला हे सुचवणारे भेटतील. तुम्हाला ते सगळ्यांत महागात पडेल, कारण रोख भाग घराच्या बँकेला दाखवताच येणार नाही.

पूर्ण रक्कम, खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यातून, तुमच्या खात्यात. शक्य असेल तर दोघं बँकेत बसा. रक्कम पक्की जमा झाल्याचं बँकेने सांगितलं की मग चावी. इसार घेतलात तर त्याची लेखी पावती द्या आणि त्यात लिहा: उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही आली तर इसाराचं काय. ही तारीख घराच्या सहीच्या बरीच आधीची ठेवा.

११. विक्रीचा करार आणि बँकेची फाइल

करार एक-दोन पानांचा पुरतो. दोघांची पूर्ण नावं, पत्ते, ओळखपत्राचे तपशील, गाडीचा नोंदणी, चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरवरचा आकडा, किंमत अंकी आणि अक्षरी, गाडी आहे त्या स्थितीत विकली हे वाक्य, सांगितलेल्या दोषांची यादी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ लिहायचीच. संध्याकाळी गाडी नेऊन त्याने रात्री कुठे धडक दिली तर ती ओळ तुम्हाला वाचवते.

बँकेसाठी वेगळी फाइल: गाडी तुमच्या नावावर होती त्याची प्रत, करार, खात्यात रक्कम आल्याची नोंद, हस्तांतरण अर्जाची पोच, आणि असेल तर मूल्यांकन अहवाल. करारातला आकडा आणि खात्यातला आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. ते पैसे चार खात्यांत फिरवू नका; आले त्याच खात्यातून घराला जाऊ देत.

कराचा प्रश्न देशावर अवलंबून. ब्रिटनमध्ये खाजगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. भारतात वैयक्तिक वापराची गाडी सर्वसाधारणपणे भांडवली मालमत्तेत मोडत नाही. अमेरिकेत वैयक्तिक गाडीवर नफा झाला तर तो करपात्र आहे, तोटा मात्र वजा करता येत नाही. कर लागत असेल तिथे खरेदीचा कागद आणि जीर्णोद्धाराची बिलं जपा. नफा मोजताना तीच उपयोगी पडतात. दरवर्षी दोन-तीन गाड्या घेऊन विकणाऱ्याला व्यापारी समजलं जाऊ शकतं, त्याचे नियम निराळे.

१२. ताबा देताना आणि नंतर

गाडीत स्वतःचं काही राहिलं का बघा: डॅशबोर्डच्या कप्प्यात जुनी बिलं, घराची चावी, कागदावर लिहिलेले फोन नंबर. नव्या मालकासाठी गाडीच्या सवयींचं एक पान लिहून द्या. मी लिहिलं होतं: थंड असताना सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, त्याने ऑटोमॅटिक चोक बसतो; रिव्हर्सला गिअरचा दांडा खाली दाबून डावीकडे मागे; तेल अडीच लिटर, फिल्टर नाही, जाळी आहे, ती तेल बदलताना धुवायची; टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायचे. एवढं पान दिलं की पहिल्या महिन्यातले निम्मे फोन वाचतात.

नोंदणी हस्तांतरणाची सूचना त्याच दिवशी स्वतः द्या, खरेदीदार करेल म्हणून थांबू नका. नाव तुमचं असेपर्यंत दंडाच्या पावत्या तुमच्याच पत्त्यावर येणार, आणि तो पत्ता आता बदलणार आहे. पोच हातात आल्यावरच विमा बंद करा आणि उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मागा. बऱ्याच कंपन्या मागितल्याशिवाय देत नाहीत. करार, पोच आणि बँकेची नोंद यांच्या प्रती घराच्या कागदपत्रांबरोबरच ठेवा.